पावसाआधी घरातले बोर्ड : प्रकल्प नोंदी

घर रत्नागिरीत, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बांधकाम १९८३ चं. मूळ वायरिंग ॲल्युमिनियमचं, लाकडी पट्टीतून नेलेलं. पुढे गीझर आला, फ्रिज आला, इन्व्हर्टर आला, तशी जमेल तिथून तांब्याची वायर जोडत गेले. घरात आई एकटी असते. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून बरीच वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढली, त्यामुळे तपासणी माझी. प्रत्यक्ष दुरुस्ती परवाना असलेल्या वायरमनकडूनच.

४ मे २०२५, रविवार

स्क्रू ड्रायव्हर आज हातात घ्यायचा नाही, असं ठरवून सुरुवात. घराचा कच्चा नकाशा काढला आणि प्रत्येक बोर्डाला नंबर दिला: पडवी १, माजघर २ आणि ३, स्वयंपाकघर ४ आणि ५, न्हाणीघराबाहेरचा ६, खोल्यांतले ७ ते ९, माळ्यावरचा १०. मीटरशेजारी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजून आहेत. त्यांतल्या एकात फ्यूज वायरच्या जागी कुणीतरी जाड तांब्याची तार पिळून ठेवली आहे. कुणी, ते विचारत नाही. वडिलांच्या काळातलं असणार.

पाऊस पडायला लागला की भिंती ओल धरतात आणि मग उघडा बोर्ड उघडाच राहतो. हाताशी हा महिनाच आहे.

६ मे

बाहेरून पाहणी. बघायच्या गोष्टी साध्या आहेत, फक्त उजेडात आणि जवळून बघाव्या लागतात.

बोर्ड ४ वरचं १६ अँपिअरचं सॉकेट: उजव्या भोकाभोवती तपकिरी कडं. सॉकेटकडे समोरून पाहिलं, अर्थचं मोठं भोक वर धरलं, तर उजवीकडे फेज (वीज आणणारी वायर) आणि डावीकडे न्यूट्रल (परतीची वायर) असायला हवं. पकड ढिली झाली की गरम होतं ते त्या एका पिनेपाशीच, म्हणून डाग एकाच भोकाला. प्लग काढून पाहिला तर त्याचीही तीच पिन काळवंडलेली, बाकीच्या दोन लखलखीत. हे सॉकेट बाद. नुसतं सॉकेट बदलून प्लग तोच ठेवला, तर काळी पिन नव्या सॉकेटचीही वाट लावणार. दोन्ही एकदम बदलायचे.

बोर्ड ७: इस्त्रीचा प्लग स्वतःच्या वजनाने बाहेर झुकतो. पिनांच्या फटीत सुरी घालून त्या फाकवल्याच्या खुणा आहेत. जुन्या चिरलेल्या पितळी पिनांवरचा हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. पिन फाकते, सॉकेटमधला पितळी चिमटा आणखी सैल होतो. एकदा तापलेल्या चिमट्यात ताण राहत नाही, मग पकडीने दाबून घट्ट केला तरी तो पुन्हा सुटतो.

बोर्ड ६: प्लेटच्या खालच्या कडेला मुंग्यांनी काढलेली माती. आत काहीतरी आहे.

बोर्ड २: पंख्याचा जुना खोका रेग्युलेटर गरम लागतो. हा बिघाड नाही. त्यात रेझिस्टन्सची तार असते. पंखा हळू फिरवायचा तर उरलेली वीज ती तार उष्णता करून घालवते. त्याला तापायची मुभा आहे. स्विचला आणि सॉकेटला ती नाही.

७ मे

आजचा दिवस प्रश्न विचारण्यात गेला, आणि खरी यादी आज तयार झाली.

आईला विचारलं, "काय काय बिघडलंय?" ती म्हणाली, "काही नाही, सगळं चालतंय." मग प्रश्न बदलला. "मिक्सर कसा लावतेस, दाखव बघू." तिने बटण दाबलं, अंगठा तसाच दाबून ठेवला, बटण किंचित डावीकडे ढकललं, आणि मिक्सर सुरू झाला. "तो असाच आहे गं, पहिल्यापासून."

मग एकेक निघत गेलं. माजघरातली ट्यूब एका दमात लागत नाही, बटण दोनदा खालीवर करावं लागतं. मोबाइलच्या चार्जरखाली काडेपेटी टेकवली की तो चार्ज होतो. फ्रिजला ओल्या हाताने शिवायचं नाही, आधी लाकडी पाटावर उभं राहायचं. न्हाणीघरातला दिवा आंघोळीच्या मध्येच डोळे मिचकावतो, "पण गीझर बंद केला की शहाण्यासारखा वागतो." खोलीतला एलईडी बल्ब बंद केला तरी रात्रभर अगदी मंद जळत असतो; आईला तो रात्रीचा दिवा म्हणून सोयीचा वाटतो.

यातलं एकही तिच्या लेखी तक्रार नव्हतं. घरातली माणसं बिघाडाभोवती सवय लावून घेतात, आणि सवय लागली की बिघाड दिसेनासा होतो. कारखान्यातही हेच पाहिलं आहे: मशीन चालवणाऱ्याला "काय बिघडलंय" असं विचारून काही कळत नसे, शेजारी उभं राहून तो कुठे थाप मारतो ते बघावं लागे.

आणखी एक. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस स्वयंपाकघरात मासळीचा वास येत होता. आईने फ्रिज उपसला, ओटा धुतला, मांजरालाही बोलणी बसली. तापलेल्या बटणांच्या आणि सॉकेटच्या प्लास्टिकला बरेचदा असाच खारवलेल्या मासळीसारखा वास येतो. रत्नागिरीत अशा वासाचा संशय विजेवर कोण घेणार?

९ मे

लोड देऊन तपासणी. इस्त्री बोर्ड ७ वर आणि गीझर बोर्ड ६ वर, एका वेळी एकच, वीस मिनिटं. मग प्लेटवर हाताची मागची बाजू आणि सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर. खोलीचं तापमान ३२ अंश.

बोर्ड ७, इस्त्री: ३९. ठीक नाही, पण घाबरण्यासारखंही नाही.
बोर्ड ६, गीझर: ६१. बंद केला. दुरुस्ती होईपर्यंत आईला पाणी चुलीवर.

हिशोब मांडून ठेवते. गीझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर. जोड ढिला होऊन त्यात अर्धा ओहम रोध आला, तर ८.७ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे जवळजवळ ३८ वॅट उष्णता त्या एका स्क्रूपाशी. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची मिळते. म्हणजे पेटलेल्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता सनमायकाच्या मागे बसली आहे.

आणि फ्यूज काय किंवा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) काय, यातलं काहीच ओळखत नाही. ती मोजतात ते फक्त प्रवाह किती आहे. ढिल्या जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. "एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक" हे वाक्य म्हणून खरं नाही. हा बिघाड नाकाला, हाताला आणि कानालाच कळतो.

कानाचं: पंखा किंवा चोकवाली ट्यूब बंद करताना बटणात क्षणभर ठिणगी दिसते, ती चालते. बटण लावून ठेवल्यावरही आतून बारीक चर्र आवाज येत राहिला, तर तो चालत नाही. बोर्ड ४ वरचं मिक्सरचं बटण तसं आहे.

१४ मे

वायरमन दादा आले. उघडण्याआधी मेन बंद, शिवाय इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुटही काढली. हे लिहून ठेवणं गरजेचं आहे: मेन खाली केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेले, आणि तो इमानाने निम्म्या घराला २३० व्होल्ट देत राहतो. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पेटतो याची खात्री, मग मेन बंद करून बोर्डावर, शेवटी टेस्टर अजून धड आहे ना ते बघायला पुन्हा मीटरखालच्या कटआउटशी, कारण घरातला एकही पॉइंट आता जिवंत नाही. कटआउट महावितरणचा, त्याच्या सीलला हात नाही.

बोर्ड ४: मिक्सरचं बटण वाईट दिसत होतं, पण मूळ दुखणं शेजारच्या बटणाखाली निघालं. फेजची वायर एका बटणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी लूपने गेलेली असते. पहिल्या बटणाचा स्क्रू ढिला असेल तर पुढच्या सगळ्यांचा भार त्याच ढिल्या स्क्रूतून जातो. ते पहिलं बटण दिव्याचं, बाहेरून अगदी स्वच्छ. आत इन्सुलेशन करपून ठिसूळ झालेलं. बोट लावलं तसा तुकडा पडला.

ॲल्युमिनियमच्या टोकांवर पांढरट भुकटी होती. ॲल्युमिनियम मऊ, स्क्रूखाली दाबून राहिलं की हळूहळू पसरतं. तापलं की फुगतंही पितळेपेक्षा जास्त. त्यामुळे आज घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांनी ढिला. वर हवेमुळे चढलेला ऑक्साइडचा थर, जो वीज नेत नाही.

बोर्ड ६ मध्ये त्याहून वाईट: गीझरसाठी आणलेली तांब्याची वायर जुन्या ॲल्युमिनियमला नुसती पिळून वर काळी टेप. खारी, दमट हवा आणि दोन वेगळे धातू एकत्र. ॲल्युमिनियम खाऊन गेलंय. टेप सोडवताना जोड हातात आला. शिवाय मुंग्यांची वसाहत आणि पालीच्या अंड्यांची टरफलं.

मी म्हटलं, "बटणं बदलून भागेल का?"

"ताई, बटणं मी आत्ता अर्ध्या तासात बदलून देतो, पण पुढच्या वर्षी तुम्ही मलाच शिव्या घालाल. वायरचं टोक काळं पडलंय. चकचकीत लागेपर्यंत मागे कापत गेलो तर वायर बोर्डापर्यंत पुरतच नाही."

हा निकष मला पटला. बिघाड बटणाचा की वायरचा, ते टोक छिलून बघितल्यावर ठरतं. धातू उजळ निघाला तर नवं बटण पुरे. काळा किंवा चुरा होणारा निघाला तर लाइन बदला.

१५ मे

मंद जळणारा एलईडी. बटण बंद ठेवून होल्डरवर टेस्टर लावला, पेटला. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं आहे. म्हणजे बटण बंद करून बल्ब बदलतानाही होल्डरमध्ये वीज हजर. आई स्टुलावर चढून बल्ब बदलते.

प्रत्येक वेळी कारण हेच असेल असं नाही. दर्शक दिवा असलेलं बटण असेल, किंवा दोन वायरी लांबवर शेजारून गेल्या असतील, तरी एलईडीला मिणमिणण्यापुरता प्रवाह मिळतो. पण तपासल्याशिवाय सोडायचं नाही. दादांनी वायरी अदलाबदल केल्या. आईचा रात्रीचा दिवा गेला. तिला वेगळा आणून देणार.

१७ मे

फ्रिज. मल्टिमीटरवर फेज ते न्यूट्रल २३४, फेज ते अर्थ ९० च्या आसपास आणि तोही आकडा एका जागी ठरत नाही. अर्थची वायर कुठेतरी तुटून लोंबते आहे. नुसत्या टेस्टरने हे कळलं नसतं. फेजच्या भोकात दिवा लागला की आपण खूश.

मागे जाऊन अर्थिंगचा खड्डा उकरला. पाइप जमिनीखाली गंजून गेलेला, कोळसा-मीठ कधीचं वाहून गेलेलं. इकडे जांभा दगड. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असतो आणि अर्थिंग मिळणं मुश्किल. नवीन खड्डा विहिरीच्या बाजूला, जिथे माती खोल आहे.

तिसरी पिन लांब आणि जाड असते ती उगीच नाही. प्लग लावताना ती सगळ्यांत आधी टेकते, काढताना सगळ्यांत शेवटी सुटते, आणि झडपवाल्या सॉकेटमध्ये तीच बाकीच्या दोन भोकांची झडप उघडते. घरात दोन प्लग असे सापडले की ज्यांची ही पिन कापून टाकली होती, "दोन पिनांच्या सॉकेटात बसावा म्हणून". दोन्ही कचऱ्यात.

२१ मे

वळीव म्हणावा की पाऊस, कळेना. कालपासून धो धो. काम बंद. बोर्ड ६ ची भिंत संध्याकाळपर्यंत ओली.

२७ मे

मान्सून यंदा मे संपायच्या आतच कोकणात आला. माझं वेळापत्रक कोसळलं. पाऊस थांबला की दोन-दोन तास काम.

दादांनी मेगर (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावला, ५०० व्होल्टवर. चांगल्या लाइनला किमान १ मेगाओहम हवा. खोल्यांच्या लाइनी त्याच्या बऱ्याच वर, न्हाणीघराची ०.३. ओल्या भिंतीतला बोर्ड तिथून हलवायचाच. वरून प्लास्टिक ठोकून काही होणार नाही. आतल्या कोरड्या भिंतीवर, न्हाणीघराच्या दारापासून दूर.

२ ते १२ जून

मुख्य काम. थोडक्यात:

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पूर्ण नवीन, तांब्याची वायर. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटांना २.५, गीझरला ४. खोल्यांतली ॲल्युमिनियमची लाइन दिव्या-पंख्यापुरती तूर्त ठेवली, पण तिथे इस्त्री किंवा हीटर लावता येऊ नये म्हणून १६ चं एकही सॉकेट ठेवलं नाही. १६ अँपिअरचा प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटात बसवणारे कन्व्हर्टर घरात तीन निघाले. ते मी माझ्या बॅगेत टाकले.

सॉकेटवर आयएस १२९३ आणि बटणांवर आयएस ३८५४ चा शिक्का बघून घेतला. मॉड्युलर बसवा म्हणून दुकानदाराचा फार आग्रह. खोल्यांत मी साधी पियानो बटणंच ठेवली. एक गेलं तर बाजारात जाऊन तेवढंच आणता येतं. मॉड्युलरमध्ये कंपनीने मॉडेल बदललं की जुन्या प्लेटला नवं बटण बसेलच असं नाही.

किटकॅट गेले, एमसीबी आले, त्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच).

१३ जून

गीझर लावला, आरसीसीबी पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. आई म्हणाली, "नवीन आणलंत तेच खराब." शेजारचे भाऊजी म्हणाले, "तो काढून टाका, आमच्याकडे पण त्रास द्यायचा."

गीझरचा प्लग काढला, बाकी सगळं घर चालू ठेवलं: पडत नाही. गीझर उघडला. कॉइलचं आवरण फाटून तिच्यातली वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यावर येत होती. इतके दिवस अर्थच तुटलेलं, म्हणून कुणाला पत्ता नाही. अर्थ जोडल्यावर त्या विजेला जायला वाट मिळाली, आणि आरसीसीबीने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहातला फरक पकडला. भाऊजींना हे दाखवलं. ते घरी जाऊन त्यांचा "त्रास देणारा" परत बसवून घेतील अशी आशा आहे. उद्या पुन्हा विचारीन.

आरसीसीबीलाही ढिला जोड कळत नाही, हे मात्र इथेच लिहून ठेवते, नाहीतर त्याच्या भरवशावर हात लावून बघायचं थांबेल. त्याचं टेस्टचं बटण आईने महिन्याच्या एक तारखेला दाबायचं ठरलं आहे. दूधवाल्याचा हिशोब त्याच दिवशी असतो.

६ जुलै

भर पावसात पुन्हा मोजमाप. गीझरचं सॉकेट वीस मिनिटांनी ३४, खोली २७. मिक्सर एका बोटाने लागतो. अर्थिंगचा रोध ३.८ ओहम, पण पावसातला आकडा नेहमी गोड असतो. खरा आकडा पुढच्या मे महिन्यात घ्यायचा.

रात्री वेगळंच काही झालं: माजघरातला दिवा एकदम झगझगीत आणि फ्रिजचा आवाज बदलला, शेजारी त्याच वेळी दिवे मंद. हे घरातल्या बोर्डाचं लक्षण नाही. काही घरांत जास्त आणि काही घरांत कमी व्होल्टेज एकाच वेळी आलं, तर बाहेरच्या लाइनचा न्यूट्रल सुटलेला असतो. लगेच मेन खाली, महावितरणच्या १९१२ या तक्रार क्रमांकावर फोन, शेजाऱ्यांनाही मेन बंद करायला ओरडून सांगितलं. तासाभराने खांबावरचा जोड नीट करून गेले.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. पुतणे रोषणाईच्या माळा घेऊन आले. दोघांनी प्लग नसलेल्या माळेची उघडी टोकं सॉकेटात घालून काडेपेटीच्या काड्या ठोकायला घेतल्या होत्या. काड्या जप्त, तोंडावर दोन प्लग फेकले.

मखराशेजारचं सॉकेट ६ अँपिअरचं. एलईडी माळांचा भार काहीच नाही, पण त्याच एक्स्टेन्शनवर कुणीतरी चहाची १५०० वॅटची किटली लावणार हे मला दरवर्षीच्या अनुभवाने माहीत आहे. एकटी किटलीच साडेसहा अँपिअर घेते. किटलीला स्वयंपाकघरातलं १६ चं सॉकेट दाखवलं आणि एक्स्टेन्शनवर मार्करने "फक्त माळा" लिहिलं. आरतीच्या गर्दीत कोण वाचतं ते बघू.

राहिलेलं काम: बोर्ड १०, माळ्यावरचा. ती लाइन अजून ॲल्युमिनियमची आणि पट्टीत उंदरांनी कुरतडलेली. दादांना वेळ दिवाळीनंतर. तोपर्यंत तिचा एमसीबी खाली, वर चिकटपट्टी, आणि माळ्यावर जायला टॉर्च.